फर्मवेअर चुकलं, बोर्ड गप्प झाला: तो परत कसा उठवायचा

तासगावकडच्या द्राक्षबागेत ठिबकाचे व्हॉल्व्ह उघडमीट करणारा ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड असो, सांगलीच्या वालचंदमध्ये किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला लावलेला आर्डुइनो उनो असो, नाहीतर कुपवाड एमआयडीसीत एखाद्या मशीनच्या पॅनलमध्ये बसवलेला ब्लू पिल, म्हणजे एसटीएम३२ चिपचा बोर्ड, असो. कोड टाकताना लाईट गेली, केबल हलली किंवा मेनूत भलताच पर्याय निवडला गेला, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: बोर्ड गेला. मग पुण्याच्या तापकीर गल्लीत फोन, कुरिअरची वाट, आणि जुना बोर्ड खोक्यात. त्या खोक्यातले बहुतेक बोर्ड चांगले असतात.

कारण साधं आहे. ईएसपी३२, एसटीएम३२ आणि रास्पबेरी पाय पिको यांच्या चिपमध्ये कोड स्वीकारणारा एक छोटा प्रोग्रॅम कारखान्यातच रॉममध्ये कोरलेला असतो. तुम्ही कितीही चुकीचं फर्मवेअर, म्हणजे बोर्डात भरायचा कोड, टाकलं तरी तो पुसला जात नाही. तुमचा कोड वेगळ्या फ्लॅश मेमरीत बसतो आणि बिघडतं ते तिथलं. म्हणजे काम एवढंच उरतं: चिपला तुमचा कोड न चालवता थेट त्या रॉमच्या प्रोग्रॅममध्ये उठवायचं. उनो आणि नॅनोचं गणित निराळं आहे. तिथे बूटलोडर, म्हणजे कोड स्वीकारणारा तो छोटा प्रोग्रॅम, फ्लॅशमध्येच असतो आणि पुसला जाऊ शकतो, पण दुसऱ्या बोर्डाने तो परत लिहिता येतो.

कमांड, पत्ते आणि पडद्यावरचे संदेश खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, टाइप करताना ते रोमन अक्षरांत टाकायचे. ०एक्स ही हेक्साडेसिमल आकड्याची खूण.

आधी मोटर सोडवा

बोर्ड शेतातल्या स्टार्टरला किंवा व्हॉल्व्हला जोडलेला असेल तर पहिलं काम रिले मॉड्यूलच्या वायरी काढण्याचं. रीसेट होताना पिना काही क्षण अधांतरी असतात, आणि ईएसपी३२च्या काही पिनांवर तर चालू होताना आपोआप सिग्नल येतो. १, ३, ५, १४ आणि १५ या त्यांतल्या. पुष्कळशी रिले मॉड्यूल पिन खाली, म्हणजे शून्य व्होल्टकडे, गेली की चालू होतात. रिकव्हरीत बोर्ड दहा-वीस वेळा रीसेट होतो. तेवढ्या वेळा कॉन्टॅक्टर खडखडला तर मोटरचं वाइंडिंग जाईल, आणि त्याच वेळी कोणी विहिरीवर पंपाशी हात घालून बसलं असेल तर त्याच्या जिवावर बेतेल. ही पायरी कितीही घाई असली तरी गाळायची नाही. बोर्ड पॅनलमधून बाहेर काढून टेबलावर आणणं सगळ्यात चांगलं.

पोर्ट दिसतो का?

बोर्ड कॉम्प्युटरला लावा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून पोर्ट्सखाली नवा कॉम नंबर येतो का पाहा. लिनक्समध्ये डीएमईएसजी कमांडच्या शेवटच्या ओळी वाचा. काहीच येत नसेल तर फर्मवेअरला दोष देण्याआधी केबल बदला. मोबाइलच्या चार्जरबरोबर येणाऱ्या कित्येक केबलींत फक्त वीज वाहणाऱ्या दोनच तारा असतात, डेटाच्या नसतात. बोर्डावरचा लाल दिवा लागतो, म्हणून माणूस फसतो. ज्या केबलने मोबाइलमधले फोटो कॉम्प्युटरवर येतात ती केबल घ्या, आणि हब न वापरता थेट पोर्टमध्ये लावा.

केबल बरोबर आहे पण नावापुढे पिवळं चिन्ह येतंय, तर ड्रायव्हर नाही. यूएसबी सॉकेटजवळच्या छोट्या चिपवर काय लिहिलंय ते भिंगातून वाचा. स्वस्त बोर्डांवर सीएच३४० असते, पुष्कळशा ईएसपी३२वर सीपी२१०२. ज्याचा त्याचा ड्रायव्हर वेगळा. उबुंटू २२.०४वर सीएच३४०चा पोर्ट येतो आणि लगेच नाहीसा होतो. याचं कारण बहुधा अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी असलेला बीआरएलटीटीवाय हा प्रोग्रॅम, जो तो पोर्ट बळकावतो. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर तो काढून टाका. ‘परमिशन डिनाइड’ येत असेल तर तुमचं यूजर नाव डायलआउट गटात घाला, आणि लॉगआउट करून परत या.

पोर्ट दिसतो, पण ती यूएसबीची चिप खरंच बोलते का? यासाठी एक छोटी चाचणी आहे. उनो असेल तर रीसेट पिन ग्राउंडला जोडा, म्हणजे मुख्य चिप झोपून राहते. ईएसपी३२ला ईएन, म्हणजे त्याची रीसेटची पिन, ग्राउंडला. आता बोर्डावरच्या टीएक्स (पाठवायची) आणि आरएक्स (घ्यायची) पिना एका जम्परने एकमेकींना जोडा, आर्डुइनो आयडीईतला सिरियल मॉनिटर उघडा आणि काही अक्षरं पाठवा. जे पाठवलं तेच परत आलं तर केबल, ड्रायव्हर आणि यूएसबीची चिप तिन्ही ठीक आहेत, आणि बिघाड पुढे आहे. परत आलं नाही तर मुख्य चिपवर वेळ घालवू नका. चांगली असलेली मुख्य चिप बाहेरच्या यूएसबी-टीटीएल ॲडॅप्टरनेही चालवता येते.

मल्टिमीटर हातात आहे तोवर ३.३ व्होल्टची पिन मोजा. ३.२ ते ३.४ हवेत. वीज लावल्या लावल्या चिपला बोट टेकवत नसेल इतकी ती तापते, किंवा वीज काढून ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात मोजलेला रोध शून्याजवळ दाखवतो, तर हा शॉर्ट आहे आणि फर्मवेअर टाकून तो जाणार नाही.

ईएसपी३२: आधी ऐका, मग पुसा

ईएसपी३२ची गंमत ही की तो काय दुखतंय ते स्वतः सांगतो. सिरियल मॉनिटर ११५२०० बॉडवर (बॉड म्हणजे डेटाचा वेग) उघडा, ईएन बटण एकदा दाबा आणि पहिल्या चार-पाच ओळी वाचा. कंसाआधी बूट: ०एक्स१३ दिसलं तर चिप फ्लॅशमधला कोड चालवायला निघाली आहे. ०एक्स३ आणि त्याखाली ‘वेटिंग फॉर डाउनलोड’ दिसलं तर ती कोड घ्यायला तयार बसली आहे.

त्यानंतर येणारे संदेश आणि त्यांचे अर्थ ओळखीचे करून घ्या. ‘इनव्हॅलिड हेडर: ०एक्सएफएफएफएफएफएफएफएफ’ सारखं सारखं येत असेल तर बूटलोडरची जागा कोरी आहे, घाबरायचं कारण नाही, चिप उत्तम आहे. ‘डिटेक्टेड साइझ ४०९६के स्मॉलर दॅन…’ आलं तर मेनूत १६ एमबी फ्लॅश निवडली गेली आहे आणि बोर्डावर चारच एमबी आहे. ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’ म्हणजे वीज पुरत नाही. वायफाय सिग्नल पाठवताना हा बोर्ड २४० मिलिॲम्पियरच्या आसपास झटका घेतो, आणि बारीक तारेच्या लांब केबलीत तेवढ्यात व्होल्टेज पडतं. ‘गुरू मेडिटेशन एरर’ आणि त्यामागून बॅकट्रेस आला तर फ्लॅशिंग नीट झालेलं आहे, चूक तुमच्या कोडमध्ये आहे.

‘फ्लॅश रीड एरर, १०००’ हा संदेश पुष्कळांना फसवतो. हा दिसला की माणूस फ्लॅश चिप मेली म्हणून सोडून देतो. खरं कारण बहुतेकदा पिन १२वर असतं. चालू होण्याच्या क्षणी ही पिन वर असेल तर ईएसपी३२ फ्लॅशला ३.३ऐवजी १.८ व्होल्ट देतो, आणि फ्लॅश अर्थातच वाचता येत नाही. सेन्सर किंवा रिले मॉड्यूलवरचा पुल-अप रेझिस्टर त्या पिनेला वर खेचत असतो. पिन १२ची वायर काढा आणि परत रीसेट करा. बोर्ड तिथल्या तिथे चालू झाला तर बाकी काहीच करायचं नाही, फक्त ती वायर दुसऱ्या पिनेवर न्या.

आता जबरदस्तीने डाउनलोड मोडमध्ये नेणं. बूट बटण दाबून धरा. ते धरलेलं असतानाच ईएन दाबून सोडा. मग एका सेकंदाने बूट सोडा. मॉनिटरवर ‘वेटिंग फॉर डाउनलोड’ आलं की मॉनिटर बंद करा, नाहीतर पोर्ट अडकून राहतो आणि ‘पोर्ट बिझी’ म्हणून वेगळाच घोळ सुरू होतो. बूट बटण म्हणजे पिन शून्य ग्राउंडला जोडणं, दुसरं काही नाही. ज्या बोर्डावर बटण नाही, उदाहरणार्थ ईएसपी३२-कॅम, तिथे आयओ० आणि ग्राउंड यांच्यात जम्पर लावा आणि ३.३ व्होल्ट पातळीच्या यूएसबी-टीटीएल ॲडॅप्टरने टीएक्स-आरएक्स उलटसुलट जोडा. काम झाल्यावर जम्पर काढायला विसरलात तर कोड जाऊनही बोर्ड गप्पच राहील.

बटणं बरोबर दाबूनही ‘राँग बूट मोड डिटेक्टेड’ येत असेल तर पिन २वर काय जोडलंय ते पाहा. डाउनलोड मोडसाठी ती खाली किंवा मोकळी लागते. दरवेळी हाताने बटण दाबावं लागतंय, आपोआप होत नाही, ही जुनी तक्रार. त्यावर ईएन आणि ग्राउंड यांच्यात १ ते १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन टोक ईएनकडे. रीसेट थोडा लांबतो आणि तेवढ्यात पिन शून्य जागेवर येते.

डाउनलोड मोडमध्ये आल्यावर कॉम्प्युटरवरून ईएसपीटूल हा कमांडने चालणारा प्रोग्रॅम वापरा. पाचव्या आवृत्तीपासून कमांडच्या शब्दांमध्ये आडवी रेघ लागते, आधीच्या आवृत्त्यांत अंडरस्कोअर. प्रथम फ्लॅश-आयडी. यात चिपचा प्रकार आणि फ्लॅश किती एमबीची ते कळतं. हे उत्तर आलं की निम्मी लढाई जिंकली.

पुसण्याआधी नक्कल घ्या. फ्लॅशमध्ये एनव्हीएस नावाचा भाग असतो. वायफायचा पासवर्ड, सेन्सरचं कॅलिब्रेशन, व्हॉल्व्हच्या वेळा असं सगळं तिथे असतं, आणि मूळ कोड हरवला असेल तर चालू फर्मवेअरही फक्त या फ्लॅशमध्येच शिल्लक असू शकतं. रीड-फ्लॅश, सुरुवात ०, लांबी ०एक्स४०००००, आणि फाइलचं नाव. ४ एमबी वाचायला ११५२०० बॉडवर सहा मिनिटांच्या वर लागतात, ४६०८०० वर दीडेक मिनिट. ही सहा मिनिटं ज्याने वाचवली त्याला पुढे बागेत जाऊन प्रत्येक फ्लो मीटर पुन्हा जुळवावा लागतो.

मग इरेज-फ्लॅश. काही सेकंदांत होतं. रीसेट केल्यावर तो ‘इनव्हॅलिड हेडर’वाला संदेश सुरू झाला पाहिजे.

लिहिताना पत्त्यांकडे नीट लक्ष द्या, कारण सर्वांत जास्त चुका इथे होतात. मूळच्या ईएसपी३२ला बूटलोडर ०एक्स१०००वर जातो. एस३ आणि सी३ या नंतरच्या प्रकारांना तो ०एक्स०वर. पार्टिशन टेबल ०एक्स८०००, बूट-ॲप-शून्य ही फाइल ०एक्सई०००, आणि मुख्य प्रोग्रॅम ०एक्स१००००. आर्डुइनो आयडीई हे आपोआप करतं. हाताने किंवा डाउनलोड टूलने टाकताना गफलत होते. बूट-ॲप-शून्य अनेकजण गाळतात. मग नवा कोड टाकला तरी जुनाच चालतो, कारण आधी ओटीएने, म्हणजे वायफायवरून केलेल्या अपडेटने, कोड दुसऱ्या कप्प्यात गेलेला असतो आणि कुठला कप्पा चालवायचा याची नोंद तशीच राहिलेली असते.

पहिल्यांदा तुमचा मोठा कोड टाकू नका, नुसता ब्लिंक टाका. फ्लॅश मोड डीआयओ, वेग ४० मेगाहर्ट्झ, अपलोडचा वेग ११५२००. क्यूआयओ मोड सगळ्याच बोर्डांच्या फ्लॅशला झेपत नाही, आणि चुकीचा मोड म्हणजे अखंड रीसेट. दिवा लुकलुकला की मगच वेग वाढवा. एस३च्या एन१६आर८ प्रकारात पीएसरॅम, म्हणजे जादा रॅम, ऑक्टल असते. मेनूत क्वाड निवडलं तर ‘पीएसरॅम चिप नॉट फाउंड’ येतं. ऑक्टलमध्ये ३५, ३६, ३७ या पिना पीएसरॅमच्या मालकीच्या होतात, त्यांच्यावर सेन्सर लावू नका.

एस३ आणि सी३ यांच्या काही बोर्डांवर यूएसबीची वेगळी चिपच नसते, मुख्य चिप स्वतः यूएसबी बोलते. तुमचा कोड लगेच डीप स्लीपमध्ये गेला किंवा यूएसबीच्या पिना दुसऱ्या कामाला लावल्या तर पोर्टच नाहीसा होतो, आणि बोर्ड पूर्ण मेल्यासारखा वाटतो. बूट दाबून रीसेट करा, पोर्ट परत येतो. सी३मध्ये ते बटण पिन ९वर असतं. कॉम नंबर मात्र बदलू शकतो, मेनूत पुन्हा निवडा.

जुना ईएसपी८२६६, म्हणजे नोडएमसीयू, याच पद्धतीने उठतो. फरक दोन. त्याचे सुरुवातीचे संदेश ७४८८० बॉडवर येतात, ११५२००वर नुसता कचरा दिसतो. आणि पिन १५ खाली, पिन २ वर लागते. बूट मोडच्या कंसात पहिला आकडा १ म्हणजे डाउनलोड, ३ म्हणजे नेहमीची सुरुवात.

उनो आणि नॅनो

‘नॉट इन सिंक, रिस्पॉन्स ०एक्स००’ हा संदेश कोणत्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये दिवसातून एकदा तरी दिसतो. नॅनो असेल तर आधी टूल्स मेनूत प्रोसेसरखाली ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून पाहा. जुना बूटलोडर ५७६०० वेगाने बोलतो, नवा ११५२००ने. अधिकृत नॅनोंवर जानेवारी २०१८पासून नवा येतो, पण बाजारातल्या कितीतरी नकलांवर अजून जुनाच असतो. एवढ्यानेच निम्मे नॅनो परत येतात.

पिन ० आणि १वरच्या वायरी काढा. ब्लूटूथ मॉड्यूल किंवा जीएसएम तिथे जोडलेलं असलं तर अपलोड होणार नाही. मग अपलोड दाबा, खाली ‘अपलोडिंग’ दिसताक्षणी रीसेट दाबून सोडा. बूटलोडर रीसेटनंतर साधारण एक सेकंदच कोडची वाट पाहतो, तेवढ्यात गाठायचं. तीन-चार प्रयत्न करा.

नॅनोच्या जुन्या बूटलोडरचा एक घातक दोष आहे. कोडमध्ये वॉचडॉग, म्हणजे कोड अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर, कमी वेळावर लावला असेल तर तो रीसेटनंतरही चालू राहतो, आणि बूटलोडर त्याला बंद करत नाही. बोर्ड न थांबता रीसेट होत राहतो आणि अपलोडला वेळच मिळत नाही. असा बोर्ड फक्त खालच्या पद्धतीने सुटतो, आणि सुटल्यावर त्यात ऑप्टिबूट हा नवा बूटलोडर टाकून घ्यावा.

चांगल्या उनोने आजारी बोर्डात बूटलोडर परत लिहायला लागणारं सामान: एक चांगला उनो, सहा जम्पर वायरी, आणि १० मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. क्रम महत्त्वाचा आहे.

१. चांगल्या उनोत उदाहरणांमधला ‘आर्डुइनो आयएसपी’ स्केच अपलोड करा. कपॅसिटर अजून लावायचा नाही, लावला तर हाच अपलोड अडेल.
२. आता कपॅसिटर चांगल्या बोर्डाच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये लावा, धन टोक रीसेटकडे. यामुळे पुढे कॉम्प्युटरने कमांड पाठवल्यावर हा बोर्ड स्वतःच रीसेट होत नाही.
३. चांगल्या बोर्डाची १० नंबर पिन आजारी बोर्डाच्या रीसेटला. ११ला ११, १२ला १२, १३ला १३. ५ व्होल्टला ५ व्होल्ट, ग्राउंडला ग्राउंड. आजारी बोर्डाला वेगळी यूएसबी लावू नका.
४. टूल्समध्ये बोर्ड म्हणून आजारी बोर्डाचा प्रकार निवडा, प्रोग्रॅमर म्हणून ‘आर्डुइनो ॲज आयएसपी’. यादीत जवळपास तशीच नावं आहेत, नीट वाचा.
५. ‘बर्न बूटलोडर’ दाबा.

यात बूटलोडरबरोबर फ्यूज, म्हणजे चिपच्या मूळ सेटिंगा, परत जागेवर येतात. उनोचे लो एफएफ, हाय डीई आणि एक्स्टेंडेड एफडी. सिग्नेचर, म्हणजे चिपची ओळख, वाचताना १ई ९५ ०एफ आलं तर चिप ॲटमेगा३२८पी. १ई ९५ १४ आलं तर ती पी नसलेली ३२८ आहे. काम तेच करते, पण आयडीई नाव जुळत नाही म्हणून अडतं. कोड चिपमध्ये लिहिणाऱ्या एव्हीआरड्यूड या प्रोग्रॅमला सिग्नेचर तपासणी टाळायचा पर्याय देऊन काम भागवता येतं. शून्य शून्य शून्य आलं तर दहापैकी नऊ वेळा वायर सैल असते किंवा ११-१२ची अदलाबदल झालेली असते.

वायरी पक्क्या आहेत आणि तरी शून्यच, तर कोणीतरी फ्यूज बदलून चिपला बाहेरच्या घड्याळाची वाट पाहायला लावलं आहे. तिला घड्याळ द्या. चांगल्या उनोवर टायमर १ने पिन ९वर ८ मेगाहर्ट्झची चौकोनी लहर काढता येते: सीटीसी मोड, टॉगल, तुलनेचा आकडा शून्य. ही लहर आजारी चिपच्या एक्सटल१ला, म्हणजे २८ पायांच्या चिपच्या ९व्या पायाला द्या आणि वरची कृती पुन्हा करा. आयएसपी स्केच आणि हे घड्याळ एकाच बोर्डावर चालवायला स्केचमध्ये बदल लागतो, त्यामुळे तिसरा बोर्ड मिळाला तर बरं.

रीसेट पिन बंद करणारा फ्यूज लागला असेल तर आयएसपीने काहीच होत नाही. रीसेटवर १२ व्होल्ट देऊन प्रोग्रॅम करणारं वेगळं यंत्र लागतं. उनोवर चिप सॉकेटमध्ये असेल तर ती काढून नवी बसवणं स्वस्त आणि लवकर होतं.

मूळ उनोवर यूएसबीचं काम ॲटमेगा१६यू२ करते आणि तिचंही फर्मवेअर बिघडू शकतं. यूएसबी सॉकेटजवळच्या सहा पिनांच्या कनेक्टरवर तिचा रीसेट आणि ग्राउंड क्षणभर जोडला की ती डीएफयू, म्हणजे फर्मवेअर बदलायच्या, मोडमध्ये दिसते आणि मूळ हेक्स फाइल परत टाकता येते. प्रो मायक्रोवर रीसेट पटापट दोनदा दाबा. आठ सेकंद बूटलोडरचा पोर्ट दिसतो, तेवढ्यात अपलोड करा.

ब्लू पिल आणि पिको

ब्लू पिलच्या एसटीएम३२एफ१०३ चिपवर कोड टाकला, आणि त्यानंतर एसटी-लिंक हा प्रोग्रॅमर ओळखच दाखवत नाही, हे बहुतेकदा क्यूबएमएक्स या कोड बनवणाऱ्या टूलच्या एका पर्यायामुळे होतं. सिस्टिमखाली डिबग ‘सिरियल वायर’ निवडलं नाही तर तुमचाच कोड चालू होताच पीए१३ आणि पीए१४ या डिबगच्या पिना बंद करतो. उपाय: पिवळा बूट० जम्पर १कडे सरकवा, बूट१ शून्यावरच, रीसेट दाबा. आता तुमचा कोड चालतच नाही, पिना मोकळ्या. क्यूबप्रोग्रॅमरने जोडा, पूर्ण चिप पुसा, जम्पर परत ०वर आणा. जम्पर तिथेच विसरलात तर पुढचा कोडही चालणार नाही.

दुसरी वाट ‘कनेक्ट अंडर रीसेट’. स्वस्त एसटी-लिंकची रीसेट तार पुष्कळदा उपयोगाची नसते, म्हणून बोर्डावरचं रीसेट बटण हाताने धरा, कनेक्ट दाबा आणि लगेच सोडा. वायरी वीतभरापेक्षा लांब नकोत. एसटी-लिंकच नसेल तर बूट० १वर ठेवून ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल ॲडॅप्टर पीए९ आणि पीए१०ला उलटसुलट जोडा. पॅरिटी ‘इव्हन’ ठेवावी लागते. एफ१०३च्या रॉममधला बूटलोडर यूएसबीवर बोलत नाही, त्यामुळे बोर्डावरचा यूएसबी सॉकेट इथे कामाचा नाही.

पिकोला फारसं काही लागत नाही. बूटसेल दाबून धरून केबल लावा, आरपीआय-आरपी२ नावाची ड्राइव्ह दिसेल. तीत ‘फ्लॅश न्यूक’ ही यूएफ२ फाइल टाका, सगळं पुसलं जाईल. मग परत तसंच करून नवं फर्मवेअर टाका. केबल काढ-घाल नको असेल तर बूटसेल धरून ३०व्या पिनेला, म्हणजे रनला, क्षणभर ग्राउंड द्या. पिको २ची ड्राइव्ह वेगळ्या नावाने येते, आणि पुसायची फाइल पिको २ला चालणारी घ्या.

जिथे हात टेकावे लागतात

ईएसपी३२चे ई-फ्यूज एकदा जळाले की परत येत नाहीत. सिक्युअर बूट, फ्लॅश एन्क्रिप्शन किंवा डाउनलोड मोड बंद करणारा फ्यूज शिकता शिकता सहज लावून बघायचा नसतो. एसटीएम३२च्या एफ४सारख्या मालिकांत वाचन-संरक्षणाची दुसरी पातळी लावली तर तीही कायमची. पहिली पातळी काढता येते, पण काढताना सगळी फ्लॅश पुसली जाते.

दुसरं मरण हळूहळू येतं. नॉर फ्लॅशचा एक सेक्टर साधारण एक लाख वेळा पुसता येतो. ईएसपी८२६६वर ईईप्रॉमची लायब्ररी वापरून दर सेकंदाला बदललेली नोंद सेव्ह करणारा कोड तोच सेक्टर प्रत्येक वेळी पुसतो. एक लाख सेकंद म्हणजे २८ तासही नाहीत. ठिबकाची नोंद व्हॉल्व्ह उघडताना-मिटताना तेवढीच ठेवली, दिवसाला वीस वेळा धरली, तर तोच सेक्टर तेरा वर्षं पुरतो. लिहिल्यावर पडताळणीत एकाच पत्त्यावर पुन्हा पुन्हा चूक येत असेल, आणि वीज व केबल बदलूनही जात नसेल, तर फ्लॅश संपली असं समजा.

बागेत पुन्हा जावं लागू नये म्हणून

आर्डुइनोच्या ४ एमबीच्या नेहमीच्या मांडणीत प्रोग्रॅमसाठी सव्वा-सव्वा एमबीचे दोन कप्पे असतात. ओटीए नवा कोड मोकळ्या कप्प्यात लिहितो, आणि पूर्ण लिहून तपासल्यावरच नोंद बदलतो. म्हणून ओटीए चालू असताना लाईट गेली तरी जुना कोड शाबूत राहतो. धोका वेगळा आहे: ओटीएने असा कोड टाकणं ज्यात स्वतः ओटीएच नाही, किंवा वायफाय जोडण्याआधीच जो कोसळतो. मग लॅपटॉप घेऊन बांधावर जाण्यावाचून गत्यंतर नसतं.

त्यासाठी सेटअपमध्ये सगळ्यात आधी एक पिन वाचा, उदाहरणार्थ ३३, आतल्या पुल-अपसह. ती ग्राउंडला जोडलेली असेल तर सेन्सर, रिले, सर्व्हर काहीही सुरू न करता फक्त वायफाय आणि ओटीए चालू करा आणि तिथेच थांबा. पॅनलच्या दाराजवळ या पिनेचं छोटं बटण काढून ठेवा. फोनवरून शेतावरच्या माणसाला ‘ते बटण दाबून धरा आणि वीज बंद-चालू करा’ एवढं सांगता येतं.

शेतीची थ्री-फेज लाईट ठरलेल्या तासांत येते, आणि ती आल्या आल्या ऑटो-स्टार्टरवाल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात. त्या पाच-दहा मिनिटांत व्होल्टेज खाली-वर होतं. बोर्डाला त्याच लाइनवरून वीज असेल तर ओटीए त्या वेळेत करू नका. बोर्डाचा पुरवठा ५ व्होल्ट, निदान १ ॲम्पियरचा असू द्या, आणि ३.३ व्होल्टच्या पिनेजवळ ४७० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लावा.

चालू असलेल्या प्रत्येक बोर्डाची पूर्ण फ्लॅशची नक्कल काढून फाइलच्या नावात तारीख, बोर्डाचा प्रकार आणि प्लॉटचं नाव लिहा. तीच फाइल पेनड्राइव्हवर पॅनलच्या आत, प्लॅस्टिकच्या पिशवीत चिकटवून ठेवा. सोबत डेटाची चालणारी केबल.